१९९५ ची टर्बो वॅगन, २५ हजारांच्या आत: माझं गणित कुठं चुकतंय?

गंगावेस_जीटी

मंडळी, ऑटोमेशन या गाड्या डिझाइन करायच्या कॉम्प्युटर खेळात एका ऑनलाइन स्पर्धेसाठी फॅमिली गाडी करतोय. नियम थोडक्यात असे. मॉडेल वर्ष १९९५, सेडान किंवा वॅगन, पाच पूर्ण सीट, बिनशिशाचं ९५ ऑक्टेन पेट्रोल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा, सेमी-स्लिक टायरला बंदी, किंमत खेळातल्या २५,००० च्या आत. टेक पूल (तंत्रज्ञानाची पायाभूत पातळी) सगळ्यांना सारखा, +५. परीक्षक आधी ड्रायव्हेबिलिटी (चालवायला सोपी किती), स्पोर्टीनेस आणि कम्फर्ट बघणार, मग प्रॅक्टिकॅलिटी, रिलायबिलिटी आणि देखभालखर्च. दिसण्याचे गुण वेगळे.

कंपनी काल्पनिक, पण कोल्हापूरची: उद्यमनगरात ऑइल इंजिनचे सुटे भाग करत सुरुवात, पुढं शिरोलीला स्वतःची फाउंड्री, १९९५ पर्यंत युरोपात निर्यात. नाव पंचगंगा, मॉडेल रंकाळा. हसू नका.

गाडीची आजची कुंडली: वॅगन, इंजिन आडवं, फ्रंट व्हील ड्राइव्ह. चार सिलिंडर, बोर (सिलिंडरचा व्यास) × स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८६ × ८६ मिमी, १,९९८ सीसी, अल्युमिनियम ब्लॉक, फोर्ज्ड क्रँक, रॉड, पिस्टन. टर्बो १.२ बार, कॉम्प्रेशन ७.८. २६२ एचपी, ३७० एनएम. टॉर्क ३,८०० आरपीएमला एकदम उसळतो. रेडलाइन ६,५००. पाच गिअर: पहिला ३.६, दुसरा २.०५, पाचवा ०.८२, फायनल ड्राइव्ह ४.१. टायर २०५/५५ आर१६. बॉडीचे पत्रे अल्युमिनियमचे, वजन १,३९० किलो, पुढं ६२ टक्के. आतलं इंटिरिअर प्रीमियम. जवळजवळ प्रत्येक क्वालिटी स्लायडर टेक पूलच्याही वर +५.

निकाल: ०-१०० ला ७.६ सेकंद, किंमत २६,८५०, रिलायबिलिटी ५८, ड्रायव्हेबिलिटी इतकी कमी की सांगायची लाज वाटते. २६२ एचपीची गाडी ७.६ सेकंद का घेते आणि १,८५० कुठनं कापायचे, एवढंच विचारायचं आहे.

टॉर्क_मास्तर

पॉवर कमी कर, ०-१०० आपोआप सुधारेल. चेष्टा नाही, आकडे मांडतो.

गाडी १,३९० आणि चालक ७५, म्हणजे १,४६५ किलो. त्यातले पुढच्या चाकांवर उभ्या गाडीत ९०८. पण गाडी सुटली की वजन मागं सरकतं. प्रवेग अर्धा जी (गुरुत्वाच्या निम्मा) धर, गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस साधारण ०.२ धर, म्हणजे जवळपास १४५ किलो मागं गेले. पुढं उरले ७६० च्या आसपास. स्पोर्ट्स टायरची पकड १ धरली तर पुढची दोन चाकं मिळून रस्त्याला देऊ शकतात सुमारे ७,४०० न्यूटन. त्याच्या पुढचं सगळं धुरात जातं.

आता तुझं इंजिन काय मागतंय ते बघ. ३७० × ३.६ × ४.१, त्यातले दहा टक्के गिअरबॉक्स खातो, भागिले चाकाची त्रिज्या ०.३१६ मीटर. आले १५,५०० न्यूटन. चाकं घेऊ शकतात त्याच्या दुप्पट! उलटं मोजलं तर पहिल्या गिअरमध्ये तुला वापरता येतो फक्त १७६ एनएम. बरं, पहिला गिअर सगळ्यांचाच घसरतो, त्याचं एवढं काही नाही. खरी मेख दुसऱ्यात आहे: तिथंही मागणी ८,८५० न्यूटन, म्हणजे ३०९ एनएमच्या वर दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा चाक फिरतं. ड्रायव्हेबिलिटीचे गुण इथंच गळतात, कारण खेळ व्हीलस्पिन वेगळं मोजतो आणि त्याचा दंड लावतो.

दुसरी चूक फायनल ४.१ ची. २०५/५५ आर१६ चा परीघ १.९८५ मीटर. दुसऱ्यात ६,५०० आरपीएमला वेग येतो ९२ किमी. म्हणजे १०० गाठायला तुला तिसरा टाकावाच लागतो आणि त्या एका शिफ्टमध्ये निम्मा सेकंद तरी जातो. टॉप स्पीडचा स्लायडर वर सरकवून फायनल ३.७ च्या जवळ आण. दुसरा गिअर १०२ पर्यंत ताणतो, ०-१०० एकाच शिफ्टमध्ये होतो. शिवाय १२० च्या वेगाला पाचव्यात ३,३९० ऐवजी ३,०६० आरपीएम, म्हणजे आवाज कमी, पेट्रोल कमी, कम्फर्ट थोडा वर. गिअर बदलताना स्पेसिंगचा स्लायडरही बघ, पहिला ३.३ च्या आसपास बसला तर सुटताना धूर अजून कमी.

फायनल ३.७ झाल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पकडीची मर्यादा ३४० एनएमवर जाते. त्यामुळं टॉर्कचं लक्ष्य ठेव ३०० ते ३१०, पण २,५०० पासून ५,००० पर्यंत आडवा. शिखर नको, पठार पाहिजे. पन्हाळ्याचा बुरूज नाही, मसाई पठार. बूस्ट ०.७५ बारवर आण, कंप्रेसर आणि टर्बाइन दोन्ही एकेक पायरी लहान कर, कॅम सौम्य कर. बूस्ट उतरवला की कॉम्प्रेशन वर नेता येतं: ७.८ वरनं ८.८ पर्यंत सरक, नॉक (पेट्रोलचा अवेळी भडका) ९५ ऑक्टेनच्या आत राहतो का ते बघत एकेक दशांशानं. टर्बो जागा व्हायच्या आधीचा टॉर्क या कॉम्प्रेशनवरच येतो. गावातल्या रहदारीत गाडी मेल्यासारखी वाटते ती ७.८ मुळं.

५,००० ला ३०० एनएम म्हणजे २१४ एचपी. कमी वाटत असेल तर आठव, १९९५ ची वोल्वो ८५० टी-५आर फ्रंट व्हील ड्राइव्हवर २४० एचपीच देत होती, तीही २.३ लिटरच्या पाच सिलिंडर टर्बोतनं, आणि त्या काळात पुढच्या चाकांना तेवढंसुद्धा जास्तच म्हटलं जायचं.

डिफरन्शियल ओपन असेल तर गिअर्ड एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला टॉर्क देणारं डिफरन्शियल) घे. व्हिस्कस स्वस्त आहे, पण फ्रंट व्हील ड्राइव्हला तो उशिरा पकडतो आणि मग स्टिअरिंग ओढतो.

आरएस_रसिक

मास्तरांचं फ्रंट व्हील ड्राइव्हवरचं गणित मान्य, पण मुळात ऑल व्हील ड्राइव्ह का नाही? वर्ष १९९५ आहे! ऑडी आरएस२ नुकतीच आलेली: २.२ लिटर, पाच सिलिंडर टर्बो, ३१५ पीएस, सहा गिअर, चारही चाकं, आणि मागं कुत्रं बसेल एवढी डिकी. गॅलंट व्हीआर-४, सिएरा सफायर कॉसवर्थची ४×४, सगळ्या याच वाटेनं गेल्या. ३७० एनएम तसाच ठेव, चाकं दोनची चार कर. प्रश्न संपला.

टॉर्क_मास्तर

प्रश्न संपला आणि बजेटही संपलं. आधीच १,८५० नी वर आहे तो. ऑल व्हील ड्राइव्ह घेतला की ट्रान्सफर, प्रोपेलर शाफ्ट, मागचं डिफरन्शियल मिळून सत्तर-ऐंशी किलो सहज चढतात, देखभालखर्च वाढतो, पेट्रोल वाढतं आणि मागच्या डिफरन्शियलसाठी सस्पेन्शनही महागातलं लागतं. आरएस२ स्वस्त गाडी कधीच नव्हती. किंमत मर्यादा ३५,००० असती तर मी तुझ्या बाजूनं बोललो असतो.

मागच्या चाकांची वाट म्हणशील तर लोटस कार्लटन आहे, १९९० ची, ३७७ एचपी. पण इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत ठेवलं की पुढची बॉडी लांब लागते, आणि त्यानं निवडलेली वॅगन आडव्या इंजिनाची आहे. बॉडी बदलली तर बाहेरचं सगळं काम परत पहिल्यापासनं.

बीड_आणि_बेअरिंग

भावा, फाउंड्री शिरोलीत दाखवतोस आणि ब्लॉक अल्युमिनियमचा ओततोस? बीड (ओतीव लोखंड) घे की.

का, ते सांगतो. टर्बोला ब्लॉक दमदार लागतो. बिडाचा ब्लॉक दाब सोसतो, आवाज आणि थरथर स्वतःत जिरवतो म्हणून स्मूथनेसला बरा, आणि स्वस्त. वजन वीसेक किलो वाढंल, तेही पुढच्या चाकांवर, म्हणजे वर मास्तरांनी मोजलेल्या पकडीला थोडा टेकाच. अल्युमिनियम १९९५ ला चालतो, पण त्याचे पैसे तू वजन वाचवायला मोजतोयस आणि ते वजन फॅमिली वॅगनमध्ये कुणी बघणार न्हाई. हेड मात्र अल्युमिनियमचंच ठेव, नॉक टाळायला फायदा होतो.

दुसरं, इंजिन फॅमिलीचं (ज्या मूळ ब्लॉकवरनं वेगवेगळी इंजिनं, म्हणजे व्हेरियंट, निघतात त्याचं) पान उघड आणि फॅमिलीचा बोर-स्ट्रोक किती ठेवलायस ते बघ. नवीन पोरं हमखास इथं गंडतात. फॅमिली ९० × ९० ची करतात, "पुढं मोठं व्हेरियंट काढू" म्हणून, आणि व्हेरियंट काढतात ८६ × ८६. ब्लॉकचं माप, वजन आणि खर्च फॅमिलीच्या मापानं ठरतो. मोकळ्या जागेचं भाडं भरल्यासारखं आहे ते. स्पर्धेला एकच इंजिन द्यायचं असेल तर फॅमिली आणि व्हेरियंट एकाच मापाचे ठेव.

माप मी ८३ × ९२ घेईन. तेवढीच सीसी, १,९९१. बोर लहान म्हणजे ज्वाला भिंतीपर्यंत लवकर पोचते, नॉक उशिरा येतो, मास्तर म्हणतात ते ८.८ कॉम्प्रेशन सहज बसतं. आणि ब्लॉकची लांबी कमी. खऱ्या कास्टिंगमध्येही हाच हिशेब असतो. दोन बोरच्या केंद्रांत ८८ मिमी अंतर असेल आणि बोर ८३ असेल तर मधे भिंत उरते ५ मिमी. तिथनं पाण्याचा कोअर (पाण्याची वाट राखायला साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) जातच न्हाई, दोन्ही सिलिंडर एकमेकांना चिकटूनच ओतायचे. बोर ८६ केला तर उरले २ मिमी. साच्यात कोअर जरा हलला की एका बाजूची भिंत कागदासारखी आणि हेड गॅस्केटला बसायला जागाच न्हाई. म्हणून मग केंद्रं लांब न्यायची, ब्लॉक लांब, आणि आडव्या इंजिनात गिअरबॉक्सला जागा कमी. खेळात गिअरबॉक्सची अडचण "इंजिन बसत नाही" एवढ्या एका ओळीत येते, पण कारण हेच.

स्ट्रोक ९२ केला म्हणून पिस्टनचा वेग वाढंल अशी भीती वाटत असेल तर मोज: २ × ०.०९२ × ६,५०० ÷ ६० = १९.९ मीटर प्रतिसेकंद. तुझ्या ८६ च्या स्ट्रोकला ७,००० आरपीएमला एवढाच येतो. ६,५०० ला रेडलाइन ठेवणार असशील तर काळजी न्हाई.

आता फोर्जिंग. क्रँक, रॉड, पिस्टन तिन्ही फोर्ज्ड घेतलेस कारण "टर्बो आहे". बॉटम एंडच्या पानावर प्रत्येक भागाची टॉर्कची आणि आरपीएमची मर्यादा दिसते, ती बघून घ्यायचं. टॉर्क ३७० वरनं ३०५ वर आला की क्रँक ओतीव चालतो. खऱ्या जगातही एसजी आयर्नचे (चिवट बिडाचे) ओतीव क्रँक टर्बो गाड्यांत असतातच. पिस्टन फोर्ज्ड ठेव, उष्णता तिथं सगळ्यात जास्त. रॉडचं आकडे बघून ठरव, मर्यादेच्या वर दहा टक्के श्वास राहिला तरी पुरे. बॉटम एंडची क्वालिटी +५ वरनं +२ वर आण आणि ते वाचलेलं फ्युएल सिस्टिमला आणि टर्बोला दे. रिलायबिलिटीचा लाल आकडा बहुतेक वेळा सगळ्यात कच्च्या पानावरनं येतो. सगळी पानं सारखी उचलून फायदा न्हाई.

आणि एक, तुझ्या कंपनीच्या कहाणीतलं. १९९५ ला भारतात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एप्रिलपासनं नव्या गाड्यांना सक्तीचा झाला तो फक्त चार महानगरांत, कारण बिनशिशाचं पेट्रोल तिथंच मिळायचं. कोल्हापुरात शिशाचंच पेट्रोल. शिसं कन्व्हर्टरच्या जाळीवर बसलं की तो मेलाच. म्हणजे ही रंकाळा वॅगन घरच्या गावात विकली असं कहाणीत लिहू नकोस, परीक्षकांत कुणी चोखंदळ असला तर पकडील. निर्यातीपुरतीच ठेव, किंवा गावात कन्व्हर्टर काढलेलं, बूस्ट उतरवलेलं मॉडेल होतं असं लिही.

करूळ_उतार

इंजिनाचं झालं. परीक्षक कम्फर्ट बघणार म्हणतोस, पण सस्पेन्शनचा एकही आकडा दिला नाहीस, त्यावरनं ओळखलं की स्पोर्ट प्रीसेट दाबून पुढं गेलायस. प्रीसेट रिकाम्या गाडीसाठी आहे. ही गाडी पाच माणसं आणि बॅगा घेऊन जाणार.

स्प्रिंग वारंवारितेनं ठरव, अंदाजानं नको. साधी फॅमिली गाडी १.२ ते १.३ हर्ट्झ, कडक स्पोर्ट्स सेडान १.७ ते १.८, आपण मधे. पुढं १.५, मागं १.७. मागचं जास्त ठेवायचं, कारण खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. मागचं टोक उशिरा उसळतं पण जलद हेलकावून पुढच्याला गाठतं, आणि गाडी डुलायची थांबते. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन ४०० किलो धर: ३५.५ न्यूटन प्रति मिमी. मागं २४० किलो: २७ च्या थोडं वर.

आता मागं तिघं बसव आणि डिकी भर. मागच्या प्रत्येक कोपऱ्यावर साधारण १२० किलो वाढले. गाडी मागं ४३ मिमी बसली आणि मागची वारंवारिता १.७ वरनं १.३९ वर आली. म्हणजे भरल्या गाडीत पुढचं टोक मागच्यापेक्षा कडक, गाडी होडीसारखी डुलणार. वॅगनवाले सगळे इथंच मार खातात. उपाय प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग: रिकाम्यात मऊ, दबल्यावर कडक. साध्या स्प्रिंगपेक्षा महाग आहे पण कम्फर्ट आणि भार दोन्हीकडं परतावा देते. राइड हाइट १५० मिमीच्या खाली नेऊ नकोस. ४३ मिमी बसल्यावर उरलेल्या प्रवासात बंप स्टॉप (सस्पेन्शनच्या टोकाचा रबरी अडसर) लागला की कम्फर्टचा आकडा धाडकन खाली.

शॉकअप मोनोट्यूब गॅसचे घे. डॅम्पिंग स्पोर्ट्स गाडीसारखं घट्ट करू नकोस, नाहीतर छोटे खड्डे सरळ मणक्यात. अँटीरोल बार: पुढचा मऊ, मागचा कडक. ६२ टक्के वजन पुढं असलेली गाडी वळणात नाक बाहेर काढणारच. मागचा बार कडक केला की मागचं आतलं चाक हलकं होतं, मागची पकड थोडी सुटते आणि नाक आत येतं. पण थोडं अंडरस्टिअर (नाक बाहेर जाणं) शिल्लक ठेव. शून्यावर आणलंस तर स्पोर्टीनेस वाढेल आणि ड्रायव्हेबिलिटी पडेल. कॅम्बर (चाकाचा कल, अंशांत) पुढं −१.२, मागं −०.९ इथनं सुरुवात कर.

मागं सस्पेन्शन कुठलं आहे? टॉर्शन बीम असेल तर ठेवायला हरकत नाही, डिकीची जागा वाचते, स्वस्तही आहे. पण कम्फर्ट आणि स्पोर्टीनेस दोन्ही पहिल्या तिनांत आहेत म्हटल्यावर मी मल्टिलिंकलाच पैसे घालीन. पुढं मात्र मॅकफर्सन. डबल विशबोनचा मोह नको, आडव्या इंजिनाला रुंदी पुरत नाही.

ब्रेक. सगळे १००-० चं अंतर बघतात आणि फेडचे (तापून ब्रेक मंदावण्याचे) आकडे सोडून देतात. गाडी भरून १,८२५ किलो होते. १०० वरनं थांबायला तिला ७०० किलोज्यूलची उष्णता जिरवायची. आता तीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरतेय असं धर, गगनबावड्याहून खाली करूळच्या वळणांनी. ती उतरताना जवळपास ९ मेगाज्यूल सुटतात, म्हणजे १०० वरनं बारा-तेरा वेळा कचकन थांबण्याएवढी उष्णता, मधे थंड व्हायला वेळच नाही. काही वाटा इंजिन ब्रेकिंग आणि हवा उचलते, उरलेलं डिस्कवर. पुढं हवेशीर डिस्क २९५ मिमी, १६ इंची रिममध्ये बसते. मागं साधी २६०. कॅलिपर पुढं दोन पिस्टनचे पुरे. चार पिस्टन लावून आकडा फारसा हलत नाही, किंमत हलते. पॅडचा स्लायडर फार आक्रमक नको, थंड ब्रेक चावत नाहीत. पुढचं चाक मागच्याच्या किंचित आधी लॉक झालं पाहिजे; वॅगन रिकामी असताना मागचं आधी लॉक झालं तर पार्श्वभाग पुढं निघतो.

सगळं झालं की गाडी बीमएनजी या ड्रायव्हिंगच्या खेळात काढून एक फेरी मार. ऑटोमेशनचे आकडे चांगले असूनही गाडी तिथं दोन चाकांवर चढत असेल तर बार जास्त झालाय.

पत्रा_पॉलिश

किंमत आणि दिसणं, दोन्ही माझ्याकडं.

१,८५० कापायला फार लांब जायला नको. अल्युमिनियमचे पत्रे काढ. १९९५ च्या २५ हजारांच्या वॅगनला ते शोभतही नाहीत. पत्रा स्टीलचा, चॅसिस गॅल्वनाइज्ड स्टील. युरोपात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालणार म्हणतोस तर तो खर्च कहाणीतही पटतो. नुसत्या पत्र्यातनं आणि ब्लॉकमधनं बरीच किंमत उतरेल. क्वालिटी स्लायडरचा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, वरच्या पायऱ्या महाग होत जातात. सगळीकडं +५ ठेवणं म्हणजे प्रत्येक ताटात मटण वाढून तांबड्याला पैसे न उरणं. टायर, सस्पेन्शन, सेफ्टी, इंटिरिअर, एवढ्यांना टेक पूलच्या वर दोन-तीन दे, बाकी पूलपाशीच. प्रीमियम इंटिरिअर ठेव. फॅमिली गाडीत परीक्षक बसतो तिथंच. रेडिओची पायरी एक खाली आणली तर कुणाला कळत नाही.

दिसण्यात काळाचं भान. १९९५ ला झेनॉन होते, बीएमडब्ल्यू ७ सिरीजवर १९९१ पासनं, पण २५ हजारांच्या गाडीवर नको. दिवसा पेटणाऱ्या एलईडी पट्ट्या तर विसरूनच जा. काचेचे किंवा रेघांच्या लेन्सचे चौकोनी दिवे, नारिंगी इंडिकेटर, बंपरच्या खालच्या अर्ध्याला गाडीचाच रंग. मागं मोठा पंखा (स्पॉयलर) लावला असशील तर काढ. वॅगनला छताच्या कडेला छोटी झालर पुरे. त्या काळच्या फॅमिली परफॉर्मन्स गाड्या गुपचूप असायच्या. मर्सिडीज ५००ई मध्ये पाच लिटरचा व्ही८ होता, आणि चाकांच्या कमानी जरा फुगीर, एवढीच खूण.

मापाची कसोटी नंबर प्लेट. युरोपातली लांब प्लेट ५२० × ११० मिमी. ती आधी लाव आणि बाकी सगळं तिच्या मापानं बघ. दिव्याची रुंदी प्लेटपेक्षा जास्त झाली, दाराचं हँडल प्लेटच्या निम्म्याहून मोठं झालं की गाडी खेळण्यातली दिसते. वायपर, पेट्रोलचं झाकण, मागच्या काचेचा वायपर, टोइंग हूकचं झाकण, चावीचं भोक हे विसरलेलं फोटोत लगेच दिसतं. टायर आणि कमान यांच्यात चार बोटं जागा राहिली तर ऑफसेट बाहेर काढ, राइड हाइट खाली नेऊ नकोस, करूळ_उतार ओरडतील. फोटो उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवरनं, झूम जास्त ठेवून लांबनं काढ. जवळनं वाइड काढलास तर नाक मोठं आणि डिकी चिमुकली येते.

गंगावेस_जीटी

सगळ्यांना दंडवत. बदल केले. बीड ब्लॉक, ८३ × ९२, फॅमिली त्याच मापाची (होती ९० × ९० च, बरोबर ओळखलंत). ओतीव क्रँक, फोर्ज्ड पिस्टन, कॉम्प्रेशन ८.८, बूस्ट ०.७५. २१८ एचपी ५,५०० ला, ३०५ एनएम, २,६०० पासून जवळजवळ आडवा. फायनल ३.७, गिअर्ड एलएसडी. स्टीलचे पत्रे, वजन १,४३२. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, मागं मल्टिलिंक.

०-१०० आता ७.१! ४४ एचपी कमी, ४२ किलो जास्त, आणि अर्धा सेकंद लवकर. किंमत २४,७१०, रिलायबिलिटी ६७. ड्रायव्हेबिलिटी भरपूर वर. एकच राहिलं: स्पोर्टीनेस थोडा पडला, आणि २९० शिल्लक आहेत. टायर रुंद करू का, २२५?

करूळ_उतार

२०५ च ठेव. २२५ घेतलास तर स्टिअरिंग जड होईल, पेट्रोल वाढेल, आणि दुसऱ्या गिअरमध्ये तुझी पकड आता कमी पडतच नाही. त्यापेक्षा ते २९० टायरच्या क्वालिटीत घाल, एक किंवा दोन पायऱ्या. उरले तर स्टिअरिंग: रॅक अँड पिनियन असेलच, हायड्रॉलिक असिस्ट ठेव. आणि मागचा अँटीरोल बार अजून एक खाच वर करून बघ. अंडरस्टिअरचा आकडा जागेवर राहतोय तोपर्यंत तो फुकटचा स्पोर्टीनेस आहे.

बीड_आणि_बेअरिंग

आणि पॉवर उतरवल्यावर रेडिएटरचं पान परत बघ. कूलिंग तुझ्या जुन्या २६२ एचपीच्या हिशेबानं मोठं राहिलं असंल, तर ग्रिलमधनं उगाच हवा आत घेऊन ड्रॅग वाढवतोयस. गरजेएवढं कर, टॉप स्पीडला दोन-तीन किमी मिळतील.

पत्रा_पॉलिश

पाठवायच्या आधी: .कार फाइल काढताना मॉडेल आणि ट्रिम दोन्हींच्या नावात नियमात सांगितल्याप्रमाणं तुझं टोपणनाव घाल, आणि इंजिन फॅमिली-व्हेरियंटच्या नावातही. परीक्षकाकडं पन्नास फाइली येतात, त्यातल्या दहांमधल्या इंजिनाचं नाव नुसतं "२.० टर्बो" असतं. आणि फाइल काढल्यावर ती स्वतः एकदा परत आत घेऊन बघ, फिक्स्चर (दिवे, हँडल, प्लेट असे वरनं लावलेले भाग) जागेवर आहेत का. नंबर प्लेट हवेत तरंगताना दिसली तर अजून वेळ आहे.